विंडोज १० चा सांभाळ थांबला, लॅपटॉप मात्र धडधाकट आहे: मग लिनक्स टाकायचे का?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सांभाळ थांबवला. दुसऱ्या दिवशी घरोघरचे संगणक नेहमीसारखेच सुरू झाले. पडद्यावर काही वेगळे दिसले नाही, म्हणूनच लोकांचा गोंधळ अधिक झाला. लॅपटॉप चांगला चालतोय तर तो बाद कसा? यावरून बँकेचे व्यवहार करायचे की नाही? दुरुस्तीवाला म्हणतो नवीनच घ्या, भाचा म्हणतो लिनक्स टाका, आणि लिनक्स म्हणजे काय हे कोणी धड सांगत नाही. हा लेख अशा वाचकासाठी आहे.

नेमके काय थांबले ते आधी पाहू. विंडोजसारखा अवाढव्य प्रोग्राम कधीच निर्दोष नसतो. त्यात सतत नव्या फटी सापडतात आणि त्या फटींतून चोर आत शिरू शकतात. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी या फटी बुजवणारी दुरुस्ती पाठवते. विंडोज १० ला ती आता आपोआप मिळत नाही. यात आणखी एक धोका आहे. विंडोज ११ आणि १० यांचा बराचसा पाया एकच आहे. ११ साठी दुरुस्ती आली की फट कुठे होती हे जाणकार चोराला त्या दुरुस्तीवरूनच कळते, आणि १० मध्ये तीच फट उघडी राहिलेली असते. म्हणजे दर महिन्याला धोका थोडा वाढत जातो.

घरगुती वापरकर्त्यांना कंपनीने एक वर्षाची वाढीव मुदत जाहीर केली, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. संगणकाच्या सेटिंग मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडल्या तर ती पैसे न देता मिळते, नाहीतर ३० डॉलर मोजावे लागतात. विचार करायला वेळ हवा असेल तर ती जरूर घ्यावी. पण तो तात्पुरता इलाज आहे.

विंडोज ११ वर का जाता येत नाही? त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय संगणकात लागते आणि प्रोसेसर ठरावीक यादीतलाच लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारणपणे आठव्या पिढीपासून सुरू होते. म्हणजे २०१७ साली हौसेने घेतलेला, सातव्या पिढीचा आय-फाइव्ह आणि ८ जीबी रॅम असलेला लॅपटॉप कामाला खणखणीत असूनही बाद ठरतो. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वात जास्त खटकते. यंत्र झिजलेले नाही, आपले काम वाढलेले नाही, तरी ते जुने झाले हे दुसऱ्या कोणीतरी ठरवले.

ऑपरेटिंग सिस्टीम करते तरी काय?

एखादे मंगल कार्यालय डोळ्यांसमोर आणा. वास्तू आहे, हॉल आहे, खोल्या आहेत, पाण्याची टाकी आहे, जनरेटर आहे. लग्नाच्या दिवशी आचारी येतात, मांडववाले येतात, बँडवाले, छायाचित्रकार, वऱ्हाडी येतात. कोणाला कोणती खोली, पाणी कधी सोडायचे, स्वयंपाकघराची किल्ली कोणाकडे, एकाच वेळी दोघांनी माइक मागितला तर आधी कोणाला, हे सगळे कार्यालयाचा व्यवस्थापक पाहतो. त्याच्याशिवाय वास्तू रिकामी उभी राहील आणि आचारी दारात बसून राहतील.

संगणकाची यंत्रसामग्री म्हणजे ही वास्तू. ब्राउझर, वर्ड, टॅली, व्हीएलसी हे प्रोग्राम म्हणजे आपापले काम करायला आलेली मंडळी. आणि ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे तो व्यवस्थापक. विंडोज हा एक व्यवस्थापक, ॲपलचा मॅक ओएस हा दुसरा, लिनक्स हा तिसरा. वास्तू तीच ठेवून व्यवस्थापक बदलता येतो. अडचण एवढीच की काही आचारी एकाच व्यवस्थापकाबरोबर काम करायला सरावलेले असतात, नवा आला की ते येत नाहीत. लिनक्सकडे जावे की नाही याचे खरे उत्तर या शेवटच्या वाक्यात आहे. तिकडे पुढे सविस्तर वळूच.

लिनक्स कुणाचे?

१९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रामरने ग्नू नावाचा प्रकल्प जाहीर केला. कोणालाही वापरता, तपासता, बदलता आणि वाटता येईल अशी संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम बनवायची, हा त्याचा उद्देश होता. बरेचसे भाग तयार झाले, पण यंत्राशी थेट बोलणारा गाभा रखडला. या गाभ्याला कर्नल म्हणतात. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने हौस म्हणून एक कर्नल लिहायला घेतला आणि इतरांनाही बघायला खुला केला. तो लिनक्स. त्याने पुढे तो ग्नू प्रकल्पाच्याच परवान्याखाली ठेवला. या परवान्याची मुख्य अट अशी: तुम्ही यात बदल करून तो दुसऱ्यांना दिलात, तर बदललेल्या प्रोग्रामचा मूळ मजकूरही त्यांना याच अटींवर दिला पाहिजे. त्यामुळे कोणतीही कंपनी लिनक्स उचलून कुलूपबंद करू शकत नाही.

प्रोग्रामरने लिहिलेला मजकूर कोणालाही वाचता येतो अशा सॉफ्टवेअरला ओपन सोर्स म्हणतात. या लेखापुरता एवढा अर्थ पुरे.

नुसता कर्नल आपल्या उपयोगाचा नसतो. त्यावर खिडक्या, मेनू, फाइल उघडायची सोय, ब्राउझर, छपाई असे सगळे बसवून जो तयार संच मिळतो त्याला डिस्ट्रो म्हणतात. डेबियन १९९३ पासून आहे, उबुंटू २००४ पासून, मिंट २००६ पासून. भारतात सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने बॉस नावाचा संच तयार केला, आणि संरक्षण मंत्रालयाने आपल्या संगणकांसाठी माया नावाची प्रणाली स्वीकारत असल्याच्या बातम्या २०२३ मध्ये आल्या. माया उबुंटूवर उभी आहे.

फुकटच्या गोष्टीवर विश्वास कसा ठेवायचा?

आपण आधीच ठेवला आहे. अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सचाच कर्नल आहे. जगातल्या सर्वात वेगवान ५०० महासंगणकांची यादी वर्षातून दोनदा निघते. नोव्हेंबर २०१७ पासून त्या यादीतला प्रत्येक महासंगणक लिनक्सवर चालतो. पुण्याच्या सी-डॅकचा परम सिद्धी-एआय नोव्हेंबर २०२० च्या यादीत ६३ वा होता, तोही त्यात आलाच.

मग हे लिहिणाऱ्यांचे पोट कसे चालते? बहुतेक जण पगारी आहेत. इंटेल, गूगल, रेड हॅट अशा कंपन्यांना स्वतःच्या धंद्यासाठी लिनक्स लागते, म्हणून त्या आपल्या अभियंत्यांना त्यावर काम करायला लावतात. सॉफ्टवेअर मोकळे ठेवायचे आणि मोठ्या कंपन्यांकडून देखभालीचे पैसे घ्यायचे, हा रेड हॅटचा व्यवसाय. आयबीएमने २०१९ मध्ये ही कंपनी ३४ अब्ज डॉलरला विकत घेतली. घरगुती वापरकर्त्याला जे विनामूल्य मिळते ते या उलाढालीतूनच येते. मिंटसारखे छोटे प्रकल्प देणग्या आणि प्रायोजकांवर चालतात.

दुसरी शंका हमखास येते: मजकूर सगळ्यांना दिसतो, तर चोरालाही दिसणारच. खरे आहे. २०२४ मधला एक प्रसंग या शंकेची दोन्ही बाजूंनी परीक्षा घेतो. लिनक्समध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या एक्सझेड या छोट्या प्रोग्रामच्या देखभालीत एका अनोळखी व्यक्तीने दीर्घकाळ मदत करून विश्वास मिळवला आणि मग त्यात चोरवाट पेरली. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले की दुसऱ्या संगणकात शिरताना साधारण अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. एवढ्याशा उशिराचा माग काढत तो मूळ मजकुरापर्यंत पोहोचला आणि चोरवाट उघडी पडली, ती बहुतेकांच्या संगणकांपर्यंत पोहोचण्याआधीच. हा अभियंता मायक्रोसॉफ्टच्या नोकरीत होता. ओपन सोर्समध्ये घात होऊ शकतो, हे या प्रसंगाने दाखवले. पण मजकूर उघडा होता म्हणूनच एका बाहेरच्या माणसाला शेवटपर्यंत माग काढता आला, हेही त्यानेच दाखवले. माझा विश्वास त्या दुसऱ्या गोष्टीवर आहे.

रोजच्या वापरात सुरक्षेचा आणखी एक साधा फायदा आहे. विंडोजवर एखादा प्रोग्राम हवा असला की आपण गूगलवर शोधतो, चार जाहिराती चुकवतो आणि कुठलेतरी डाउनलोडचे बटण दाबतो. व्हायरस बहुधा इथूनच शिरतो. लिनक्समध्ये फोनच्या प्ले स्टोअरसारखा सॉफ्टवेअर मॅनेजर असतो. व्हीएलसी, चित्रांसाठी गिंप आणि इंकस्केप, आवाजासाठी ऑडॅसिटी असे प्रोग्राम तिथूनच बसतात आणि त्यांचे अपडेटही तिथूनच येतात.

संगणक तपासण्याआधी काम तपासा

लिनक्स जुन्या लॅपटॉपवर पळेल का, हा प्रश्न सगळे आधी विचारतात. तो सोपा आहे, बहुधा पळते. आपले काम त्यावर होईल का, हे आधी विचारायला हवे. एक कागद घ्या आणि गेल्या महिन्यात संगणकावर काय काय केले ते लिहून काढा. घरातल्या सगळ्यांना विचारून लिहा. मुलीचा कॉलेजचा प्रकल्प, आईची भजनांची फाइल, वडिलांचे आयकर विवरण, सगळे.

जे काम ब्राउझरमध्ये होते ते लिनक्सवर जसेच्या तसे होते. नेट बँकिंग, सातबारा पाहणे, रेल्वेचे तिकीट, डिजिलॉकर, ऑनलाइन आयकर भरणे, यूट्यूब, वेबवरचे व्हॉट्सॲप, जीमेल, गूगल मीट यातले काही अडत नाही. फायरफॉक्स बहुतेक संचांमध्ये आधीपासूनच असतो, क्रोमही बसवता येतो. झूमची लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती आहे. बऱ्याच घरांतली यादी इथेच संपते.

वर्ड आणि एक्सेल ही मधली पायरी. लिनक्सवर त्यांच्याऐवजी लिबरऑफिस मिळते. पत्र, अर्ज, हिशेबाचा तक्ता, मराठी शाळेची प्रश्नपत्रिका यांना ते भरपूर पुरते आणि वर्डच्या फाइल उघडतेही. पण गुंतागुंतीची मांडणी, तक्त्यात तक्ता, एक्सेलमधले मॅक्रो असले की फाइल थोडी हलते. दुसऱ्या कार्यालयाशी रोज अशा फाइलींची देवाणघेवाण असेल, तर मायक्रोसॉफ्टचे ब्राउझरमध्ये चालणारे ऑफिस वापरता येते. फाइल फक्त पाठवायची असेल, समोरच्याने बदलायची नसेल, तर ती पीडीएफ करून पाठवावी.

आता अडणारी कामे. टॅली विंडोजसाठी बनते. फोटोशॉप, कोरलड्रॉ, ऑटोकॅड यांच्या लिनक्स आवृत्त्या नाहीत. वाइन नावाचा एक प्रोग्राम विंडोजचे काही प्रोग्राम लिनक्सवर चालवून दाखवतो, पण रोजच्या पोटापाण्याचे काम त्याच्या भरवशावर ठेवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. जीएसटी किंवा ई-निविदेसाठी डिजिटल सहीचा यूएसबी टोकन लागत असेल, तर त्या टोकनचा लिनक्स ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण प्रणालीला ओळखून देणारा प्रोग्राम, आहे का आणि संबंधित सरकारी पोर्टलचा सही करणारा प्रोग्राम लिनक्सवर चालतो का, या दोन्ही गोष्टींची खात्री करून घ्या. दोन्हींपैकी एकच असून भागत नाही. सेवा केंद्रातल्या आधारच्या बोटांच्या ठशांच्या यंत्राबाबतही तसेच. काही ऑनलाइन परीक्षांची देखरेख करणारी सॉफ्टवेअर लिनक्सला दारातच अडवतात, म्हणून परीक्षार्थी मुलगा घरात असेल तर परीक्षा आटोपेपर्यंत थांबा. व्हॅलोरंटसारखे काही ऑनलाइन खेळही चालत नाहीत.

प्रिंटरकडे लोक लक्षच देत नाहीत. एचपीचे बहुतेक प्रिंटर जोडले की चालू लागतात. पण आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानापासून वकिलाच्या टेबलापर्यंत सगळीकडे दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० लिनक्सवर चालवायला खटपट करावी लागते. त्याला कॅननचा खास ड्रायव्हर लागतो आणि तो नव्या संचांवर सहज बसत नाही.

यादीतले एकच काम अडत असेल आणि ते रोजचे असेल, तर विंडोज सोडू नका. अशा माणसाच्या गळ्यात लिनक्स बांधणाऱ्यांमुळेच लिनक्सचे नाव खराब झाले आहे.

मराठीचे काय?

मराठी वाचकाने इथे थोडे थांबावे, कारण इंग्रजी मार्गदर्शकांत हा भाग नसतो.

मजकूर युनिकोडमध्ये टाइप केलेला असेल तर चिंता नाही. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक असतो, त्यामुळे अक्षर कोणत्याही प्रणालीवर तेच राहते. जोडाक्षरे नीट जुळवण्याचे काम लिनक्सवर हार्फबझ नावाचा प्रोग्राम करतो. अँड्रॉइड आणि क्रोममध्येही तोच आहे, म्हणजे फोनवर मराठी जशी दिसते तशीच इथे दिसते. लोहित हा देवनागरी फाँट रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी जोपासला. गूगलचा नोटो आहे, मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता आहे. हे सगळे मोकळ्या परवान्याचे.

शासनाच्या २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श प्रमाण मानले. युनिकोडमध्ये हिंदी आणि मराठी ल चा क्रमांक एकच आहे, रूप तेवढे वेगळे. लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी अशी निवडली आणि फाँटमध्ये सोय असली, लोहित आणि नोटोत ती आहे, की मराठी वळणाची अक्षरे आपोआप येतात. भाषा हिंदी राहिली तर हिंदी वळण दिसते. पुस्तकाचे किंवा स्मरणिकेचे काम करणाऱ्याने ही सेटिंग पहिल्या दिवशीच लावून घ्यावी.

टायपिंगसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा प्रमाण कळफलक जोडता येतो. इनस्क्रिप्ट येणाऱ्याला काही नवे शिकावे लागत नाही. दुसऱ्या, तऱ्हा या शब्दांतला ऱ शिफ्ट धरून इंग्रजी जे ची कळ दाबल्यावर येतो, इथेही तसाच. रोमन अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांसाठी आयबस आणि एम१७एन ही जोडी बसवून उच्चाराप्रमाणे टाइप करता येते. टंकलेखन परीक्षेचा रेमिंग्टन हात बसलेला असेल तर मात्र आपल्याला हवा तो कळफलक नेमका तसाच मिळतो का, ते आधी चाचणीत टाइप करून पाहा.

विंडोजमधले मंगल, कोकिळा, अपराजिता हे फाँट लिनक्ससोबत येत नाहीत, ते मायक्रोसॉफ्टचे आहेत. मंगलमध्ये केलेले दोन पानांचे पत्र लिनक्सवर उघडले की त्या जागी दुसरा फाँट येतो, ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात आणि सहीची ओळ तिसऱ्या पानावर जाते. अक्षर एकही बदलत नाही. फाँट एकदा बदलून पाने पुन्हा लावली की काम भागते.

खरी अडचण श्री-लिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटांतल्या मजकुराची आहे. तिथे संगणकाच्या लेखी इंग्रजी अक्षरे असतात आणि फाँट त्यांना मराठी रूप देतो. फाँट नसला की पडद्यावर निरर्थक अक्षरे उमटतात. वीस वर्षांची स्मरणिका किंवा दिवाळी अंक अशा फाइलींत असेल, तर विंडोज चालू आहे तोवरच कन्व्हर्टर वापरून सगळे युनिकोडमध्ये आणून घ्या, आणि रूपांतरानंतर प्रत्येक पान वाचून तपासा, रफार आणि वेलांट्या इकडच्या तिकडे होतात. लिनक्सकडे जायचे नसले तरी हे काम करण्याजोगे आहे.

काहीही न पुसता आधी पाहून घ्या

लिनक्सची सर्वात चांगली सोय ही, की ते हार्ड डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरून चालवून बघता येते.

नवख्याला मी लिनक्स मिंट सुचवतो. त्याची मांडणी विंडोजसारखी आहे: खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू. त्याच्या २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत. ४ जीबी किंवा कमी रॅम असेल तर मिंटचीच एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवली तर लॅपटॉपला जो वेग येतो तो कोणत्याही डिस्ट्रोने येत नाही. थोडा खर्च करणार असाल तर तो इथे करा.

मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून सुमारे तीन जीबीची फाइल उतरवा. विंडोजवर रूफस किंवा एचर या विनामूल्य प्रोग्रामने ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. पेनड्राइव्ह पूर्ण पुसला जातो, त्यात लग्नाचे फोटो नाहीत ना ते पाहा. मग संगणक बंद करून सुरू करताना बूटची कळ, म्हणजे संगणक कशावरून सुरू करायचा ते निवडण्याची कळ, दाबा: डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ १२, एचपीवर एफ ९, असूसवर एस्केप. पेनड्राइव्ह निवडला की थोड्या वेळात मिंट उघडते.

आता घाई न करता बघा. वायफाय जोडले जाते का? आवाज येतो का, कॅमेरा चालतो का, टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकते का? झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का? प्रिंटर जोडून एक पान छापा, मराठी टाइप करा, नेहमीच्या फाइल उघडा. पेनड्राइव्हवरून चालताना ते थोडे संथ असते, त्यावरून वेगाचा निष्कर्ष काढू नका. वायफाय दिसत नसेल तर फोन यूएसबीने जोडून त्याचे इंटरनेट वापरा आणि मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर उघडा, काही कंपन्यांच्या वायफाय चिपसाठी ड्रायव्हर तिथून घ्यावा लागतो.

पेनड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू केला की विंडोज जिथल्या तिथे असते.

बसवताना जपायच्या गोष्टी

फोटो, कागदपत्रे, टॅलीचा डेटा यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून फाइल उघडतात का ते पाहा. न उघडणारी प्रत म्हणजे प्रत नसल्यातच जमा. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्डही आठवणीने काढून घ्या.

विंडोजने डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद केली आहे का तेही बघा. अनेक लॅपटॉपवर ते मालकाला माहीत नसताना सुरू असते. त्याची ४८ अंकी किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात मिळते, ती आधी कागदावर उतरवून घ्या.

बसवताना दोन मार्ग दिसतात. विंडोजच्या शेजारी लिनक्स ठेवायचे, किंवा डिस्क पूर्ण पुसून फक्त लिनक्स ठेवायचे. शेजारी ठेवले तर संगणक सुरू करताना दोन्हींपैकी एक निवडता येते. टॅली किंवा डिजिटल सही महिन्यातून एकदाच लागत असेल तर हा मार्ग उत्तम, पण त्या विंडोजवर इतर वेळी इंटरनेटची भटकंती टाळा. शेजारी ठेवण्याआधी विंडोजमधले फास्ट स्टार्टअप बंद करा. ते सुरू राहिले तर विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि लिनक्समधून त्याच्या फाइल फक्त वाचता येतात, बदलता येत नाहीत. आणखी एका गोष्टीने लोक घाबरतात: लिनक्समधून विंडोजमध्ये गेले की घड्याळ साडेपाच तास मागे पडलेले दिसते. संगणक बिघडलेला नसतो. लिनक्स यंत्रातल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजते. लिनक्समधली एक सेटिंग बदलली की दोघांचे जुळते.

बसवून झाल्यावर मिंटमधला टाइमशिफ्ट हा प्रोग्राम सुरू करा. ते प्रणालीची स्थिती ठरावीक दिवसांनी जपून ठेवते, आणि एखाद्या अपडेटने काही बिघडले तर मागच्या चांगल्या दिवसावर परत नेते. तुमच्या फोटोंची आणि कागदपत्रांची प्रत ते घेत नाही, ती वेगळी घ्यावीच लागते.

अडले तर कोणाला विचारायचे?

काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप कराव्या लागतात, अशी लिनक्सची ख्याती आहे. मिंटमध्ये वायफाय, प्रिंटर, अपडेट, नवीन प्रोग्राम, सगळे माउसनेच होते. पण काही बिघडले आणि मदत मागितली की लोक आज्ञाच सांगतात, कारण ती पाठवायला सोपी असते. एक पथ्य पाळा: पासवर्ड मागणारी आज्ञा, ती काय करते हे कळल्याशिवाय चालवू नका.

मराठीत शिकायची सोयही आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि लिबरऑफिसचे छोटे धडे आहेत, आणि त्यांतले अनेक मराठी निवेदनासह विनामूल्य पाहता येतात. पुण्यात लिनक्स वापरणाऱ्यांचा गट आहे. गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याला मात्र लिनक्स येत असेलच असे नाही. आसपास विचारायला एकही माणूस नसेल तर विंडोज शेजारी ठेवूनच सुरुवात करा.

संस्थांनी काय करावे हा याहून मोठा प्रश्न. केरळमधल्या सरकारी शाळांत २००० च्या दशकापासून संगणक शिक्षण लिनक्सवर चालते आणि ते टिकले, कारण राज्याने त्यासाठी शिक्षकांना प्रशिक्षण दिले आणि शाळांसाठी स्वतःचा संच बनवला. जर्मनीतल्या म्युनिक शहराने २००३ मध्ये निर्णय घेऊन सुमारे १५ हजार संगणक लिनक्सवर नेले, आणि २०१७ मध्ये महापालिकेने पुन्हा विंडोजकडे जायचे ठरवले. त्याच देशातल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये ३० हजार संगणकांसाठी लिबरऑफिस आणि लिनक्सची वाट धरली. प्रोग्राम चांगला असणे पुरेसे नसते, माणसांची तयारी आणि राजकीय पाठबळ टिकावे लागते. आपल्या जिल्हा परिषदांच्या शाळांत विंडोज ११ न चालणारे कितीतरी संगणक असणार. ते भंगारात जाण्याआधी केरळने काय केले हे शिक्षण खात्याने जाऊन पाहावे, असे मला मनापासून वाटते.

नाही जमले तर?

परत येता येते. मूळ विंडोज अधिकृत असेल तर त्याचा परवाना बहुधा संगणकाच्या मदरबोर्डशी जोडलेला असतो. डिस्क पुसली तरी तो जात नाही. तीच आवृत्ती पुन्हा बसवून इंटरनेट जोडले की ती सहसा स्वतःहून चालू होते. लिनक्स बसवण्याआधी मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विंडोजचा पेनड्राइव्हही तयार करून कपाटात ठेवा, आणि त्यावर होम की प्रो ते लिहून ठेवा, कारण परत बसवताना नेमकी तीच आवृत्ती लागते.